चढणीच्या दिवसांतला पाहुणचार

आक्काताईंचं नाव आधी घेते. बाकीचं नंतर. पाऊस, धरण, सरकारी अनुदान, पाण्यावर तरंगणारे पिंजरे, माझं काम, माझ्या लेकीची म्हणजे चिमीची शाळा, हे सगळं ज्या बाईमुळं माझ्यापर्यंत आलं तिचं नाव मध्येच कुठंतरी ओघात आलेलं मला चालणार नाही. आमच्या भंडाऱ्याकडे माझे वडील जाळं टाकण्याआधी तळ्याच्या पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. मग कामाला लागायचे. तसंच हे समजा.

आषाढ निम्मा सरलाय. गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस पडतो असं म्हणणं बरोबर नाही, तो राहायला येतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, आगपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी लागते, चिमीचा शाळेचा गणवेश चुलीच्या वर दोरीवर टांगलेला असतो आणि ती वर्गात गेली की तिच्या अंगाला धुराचा वास येतो. तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या अंगाला तोच वास, त्यामुळं कुणी कुणाला काही म्हणत नाही.

काल सकाळी भाकरी थापत होते आणि मागच्या भाताच्या वाफ्यातून तो आवाज आला. ओल्या कापडाचा पिळा दगडावर हलकेच आपटावा तसा. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. माझा हात पिठातच राहिला. तव्यावरची भाकरी करपली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. उठून मागच्या दारात गेले. मासा होता.

याला इथं चढण म्हणतात. पावसाचं पाणी वाफ्यावाफ्यांतून ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात उतरत असतं, आणि त्याच पाण्याला छातीवर घेत धरणातले मासे पोटात अंडी घेऊन वर येत असतात. भाताच्या उथळ, गढूळ, निवांत पाण्यात त्यांना अंडी टाकायची असतात. बांधाला जिथं तोंड ठेवलेलं असतं, जिथून पाणी खालच्या वाफ्यात पडतं, तिथं ते अंग वाकवून उडी घेतात. जमलं तर वर, नाही जमलं तर खाली आपटतात. आवाज होतो तो त्या आपटण्याचा. मग जरा दम खाऊन पुन्हा उडी. जगात इतक्या गोष्टी उताराच्या बाजूनं वाहून जात असताना कुणीतरी एवढ्या हट्टानं वर चाललंय, हे बघून मला दरवर्षी उगाच बरं वाटतं.

आणि दरवर्षी तो एक पावसाळा आठवतो.

मी आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा सुटली. कुणी नाव काढलं नाही, कुणी जाऊ नको म्हटलं नाही. वडिलांच्या हातातला तळ्यातल्या मासेमारीचा ठेका गेला, घरातले सगळे मजुरीला लागले, आज जाऊ उद्या जाऊ करता करता एक दिवस शाळेच्या बाजूनं डोक्यावर पाटी घेऊन जाताना खिडकीतून पाढ्यांचा आवाज आला आणि मला कळलं की आपली जागा आता भिंतीच्या या बाजूला आहे. लग्नानंतर चिमीच्या बाबांबरोबर फिरत राहिले. ते खोदाईच्या मशिनवर होते. कंत्राटदार जिथं कालवा खणेल तिथं आमची चूल. मला एक सवय लागली होती. कुठल्याही गावात शेजारणीकडं विरजण मागायचं नाही. विरजण मागितलं की ओळख होते, ओळख झाली की जाताना डोळ्यांत पाणी येतं. आम्ही ताक विकत घ्यायचो.

अशाच एका कालव्याच्या कामानं आम्हाला इथं आणलं. आक्काताईंच्या घराला लागून एक खोली होती, ती मिळाली. पहिल्या दिवशी सामान ठेवलं आणि दारात ही उंचीपुरी बाई उभी. नऊवारीचा काष्टा, हातात विळा, आवाज असा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा.

"कुठल्या गं तुमी?"

"भंडाऱ्याच्या."

"त्ये कुठं आलं?"

"नागपूरच्या पुढं."

"आगं बया, निम्मा मुलूख पालथा घालून आलीस की. जेवलीस का?"

मी म्हटलं, "हाव." आमच्याकडे होय म्हणायला हाव म्हणतात. त्यांनी विळा खाली ठेवला आणि हसत सुटल्या. मग गंभीर होऊन विचारलं, "तुमच्यात काय करत्यात? शेती?"

"नाही. ढिवर आहोत आम्ही. मासे धरतो."

"मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय? आमी भोई. आमी बी तेच करतो." असं म्हणून त्या घरात गेल्या आणि वाटीभर विरजण घेऊन आल्या. मागितलेलं नसताना. मी ती वाटी हातात धरून बराच वेळ नुसती उभी होते.

आक्काताई तेव्हाही मासेमारांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्था म्हणजे धरणाकाठची भोयांची घरं, एक गळकी होडी, आणि देवळाच्या ओवरीत भरणारी बैठक. धरणात मासा कमी होत चालला होता. म्हातारी माणसं म्हणायची, पूर्वी जाळं ओढायला दोन माणसं लागायची, आता एकट्यानं ओढलं तरी हाताला वजन लागत न्हाय. अशात कुणीतरी बातमी आणली की सरकारची योजना आहे. धरणात मासे वाढवायचे पिंजरे बांधायला, चांगलं मत्स्यबीज आणायला, नवी होडी घ्यायला अनुदान मिळतं. अनुदान म्हणजे बहुतेक भार सरकारचा, थोडा संस्थेचा. आणि पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, मासेमारी बंद ठेवली तर तेवढ्या दिवसांसाठी घराघराला चुलीपुरता आधार. अट एकच होती आणि तीच अवघड होती. बंद म्हणजे खरोखर बंद.

हिवाळ्यात आक्काताई मला घेऊन कोल्हापूरला गेल्या. "तुला वाचाय येतंय, माज्यासंगं चल." एसटीनं गेलो, मग कसबा बावड्याच्या बाजूला रिक्षानं. साखर कारखाना चालू होता. सगळ्या हवेत शिजलेल्या उसाचा गोड, जरा करपट वास. आक्काताई रिक्षातून तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "नुसता वास घेतला तरी साखर वाढंल बग." मत्स्यखात्याच्या ऑफिसात एका साहेबांनी नीट बसवून सगळं विचारलं. त्यात एक प्रश्न होता, पिंजरे झाले तर त्यांची रोजची राखण आणि माशांचं खाणं कोण बघणार. आक्काताईंनी माझ्या पाठीत कोपर खुपसलं.

"ही बगंल. तळ्याच्या काठाला जल्मलीय."

"राहणार कुठल्या तुम्ही?" साहेबांनी मला विचारलं.

आम्ही राहणारे कुठलेच नव्हतो. कालव्याचं काम उन्हाळ्याअखेर संपायचं होतं आणि कंत्राटदाराचं पुढचं काम पार जळगावकडं होतं. चिमीनं तोवर इतक्या शाळा बदलल्या होत्या की नवीन वर्गात ती बोलायचंच बंद करायची. बाई विचारायच्या, मुकी आहे का. या गावात कुठं ती जरा फळ्याकडं बघायला लागली होती. मला एवढंच हवं होतं, तिनं एका शाळेत राहावं. माझ्यासारखी तिची शाळा आपोआप सुटू नये. पण हे सगळं त्या साहेबांना कसं सांगायचं?

आक्काताई म्हणाल्या, "माज्या घरचा पत्ता लिवा की. माज्यातच ऱ्हाती ती."

येताना एसटीत मला झोप लागली नाही. त्या मात्र माझ्या खांद्यावर डोकं टाकून कळंब्यापासून घोरत होत्या असं लिहिणार होते, पण आमचा रस्ता कळंब्यावरून नाही, कळ्यावरून जातो. इतकी वर्षं राहूनही माझी गावं अजून अशी गोंधळतात.

तर तो पावसाळा. चिमीचे बाबा कंत्राटदाराबरोबर पुढं गेले होते. जाताना म्हणाले, "तुझे पिंजरे आले तर मी परत येईन. नाही आले तर तुम्ही दोघी या." मी मान हलवली. माझा स्वभाव असा की चांगलं होईल असं मी कधी धरून चालत नाही. आधी वाईट धरायचं, मग जे मिळेल ते वरचं. त्या दिवसांत पावसाचा आवाज थांबला तरी मला वाटायचं, काहीतरी बिनसलं.

गावानं मात्र मंजुरीच्या आधीच बंदीचा दिलेला शब्द पाळला होता. चढणीच्या दिवसांत दरवर्षी प्रत्येक बांधाच्या तोंडाला बांबूच्या कांबींचा सापळा लागायचा. पुढून रुंद, मागं निमुळता. मासा उडी घेतो ती थेट त्यात. आखाडात घरोघरी तांबड्या रश्शाचा वास असायचा, सुनांना माहेराहून बोलवणी यायची ती या माशांसाठी. त्या वर्षी एकही सापळा बांधाला लागला नाही. आणि गाव कसं बेचैन झालं होतं, ते काय सांगावं. माणसं इरली पांघरून उगाच बांधावर जाऊन उभी राहायची. मासा उडी घ्यायचा, हात आपोआप पुढं जायचे, मग हात पाठीमागं बांधून घ्यायची. देवळात बसलेली दोन माणसं बोलताना मी ऐकली.

"आज मोठी शिंगटी चढली बग आमच्या वाफ्यात."

"मग?"

"मग काय. रामराम घातला तिला."

या सगळ्यांत जास्त हाल तुकातात्यांचे. तुकातात्या म्हणजे गावातले सगळ्यांत जुने मासेमार. दात गेलेले, पण पाण्याकडं बघून सांगायचे की खाली काय फिरतंय. आणि पाहुणचाराला असे पक्के की रस्ता चुकलेला मोटारवालासुद्धा त्यांच्या घरून जेवूनच जायचा. ते रोज संध्याकाळी आक्काताईंच्या ओट्यावर येऊन म्हणायचे, "आक्का, सरकार मासं राखाय निघालंय. चांगलं हाय. पण माज्या जिभंला कोण राखणार?"

आक्काताई म्हणायच्या, "दात न्हाईत तोंडात आन जीभ कशाला पायजे?"

मग ऑफिसातून निरोप आला. मंजुरीच्या आधी पाहणी करायला एक मॅडम येणार आहेत. बंदी पाळली जाते का, पिंजऱ्यांना जागा कशी आहे, सगळं बघणार. निरोप देणारा जाता जाता सहज बोलला की मॅडम मूळच्या मालवणच्या. आक्काताईंनी कोंबडीचा रस्सा करायचं ठरवलं. तात्या तिथंच बसले होते. ते म्हणाले, "मालवणच्या माणसाला कोंबडं? त्यापरास उपाशी धाडा की."

आक्काताई म्हणाल्या, "गप बसा." आम्हाला वाटलं, गप बसले.

मॅडम आल्या त्या दिवशी धुकं इतकं होतं की जीप दारात येईतो फक्त दिवे दिसत होते. पोरगेल्याच होत्या, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. आक्काताईंबरोबर धरणावर जाऊन सगळं बघून आल्या, भिजल्या, हसत होत्या. मला जरा धीर आला. दुपार कलली होती. आक्काताई म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायाचं न्हाय बगा." त्या म्हणाल्या, बरं, थोडंसं.

पाट मांडला. मी वाढत होते. भात, भाकरी, रस्सा. तेवढ्यात तुकातात्या आत आले. डोक्यावर टोपी, अंगात धुतलेला सदरा, दोन्ही हातांत झाकलेलं ताट. देवाला नैवेद्य नेतात तसं. त्यांनी ते मॅडमसमोर ठेवलं आणि झाकण उचललं.

शिंगटी होती. चांगली हातभर. आणि तिच्या शेजारी, वेगळी काढून, मिरची-मीठ लावून, तव्यावर लाल तळलेली गाबोळी. माशाच्या पोटातली अंडी. ज्या अंड्यांसाठी सरकारनं एवढी योजना काढली होती, ज्यांची राखण होते की नाही बघायला मॅडम एवढ्या पावसात आल्या होत्या, ती त्यांच्याच ताटात, वर लिंबाची फोड.

माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. मासा मी जन्मापासून ओळखते. चढणीचा होता.

मॅडमनी ताटाकडं बघितलं. मग तात्यांकडं.

"आजोबा, मासा कुठला?"

"ताजा हाय," तात्या अभिमानानं म्हणाले. "आज सकाळचा."

"धरणातला?"

"छ्या. धरणात बंदी हाय की मॅडम. आमी पाळतो. ह्यो माज्या भाताच्या वाफ्यातला."

"वाफ्यात कुठून आला?"

"चढून आला की."

"कुठून चढून आला?"

तात्यांनी सांगायला तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर पाण्याखालचं बघणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट पाहुणचाराच्या भरात दिसली नव्हती. ते हळूच म्हणाले, "धरणातनं."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी मनातल्या मनात जळगावच्या वाटेला लागलेही होते. चिमीला काय सांगायचं, तिच्या बाईंना काय सांगायचं, घरमालकिणीचं भांडं परत करायचं राहिलंय. घरमालकीण म्हणजे आक्काताईच, हेसुद्धा त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

आक्काताई उठल्या. त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, "मॅडम, चूक हाय. झाकणार न्हाय. पण ताट थोडं थांबंल. माज्यासंगं चला."

आणि त्या चालायला लागल्या. मॅडम त्यांच्या मागं, तात्या त्यांच्या मागं, मग आम्ही सगळे. भर पावसात ती वरात निघाली. आक्काताई प्रत्येक घरासमोर थांबायच्या आणि नुसतं वळचणीला बोट दाखवायच्या. वळचणीला सापळे टांगलेले होते. प्रत्येक घराला. काहींच्या तोंडाला कोळिष्टकं लागली होती. एका घराच्या सापळ्यात, आतल्या निमुळत्या कोपऱ्यात, एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. आम्हाला बघून तिनं मान वळवली आणि रागानं पिसं फुलवली. मॅडमना हसू आलं ते त्यांनी रुमालात दाबलं.

मग आम्ही बांधावर गेलो. एकाही तोंडाला सापळा नव्हता. पाणी पडत होतं, आणि त्या पांढऱ्या पाण्यात एकामागून एक मासे उड्या घेत होते. छोटे, मोठे, चुकणारे, जमणारे. मॅडम चिखलात उकिडव्या बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा रुमाल केव्हाच भिजून मानेवर आला होता.

"आखाड लागल्यापास्नं गावानं एकच मासा धरलाय," आक्काताई म्हणाल्या. "तो बी सोताला न्हाय. तुमच्यासाठी."

मॅडम म्हणाल्या, "मला गाबोळी फार आवडते." "म्हणून तर ती संपायची भीती वाटते." त्यांनी तात्यांकडं बघितलं. "आजोबा, नियमात धरण आहे, ओढा आहे, वाफे नाहीत. ते असायला हवेत. गाव तयार होईल? बांधांची तोंडंही मोकळी ठेवायची, पिल्लं परत धरणात जाईतोवर?"

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. गावातले सगळ्यांत जास्त वाफे ओढ्याच्या कडेला त्यांचेच. तात्यांनी टोपी काढली, पिळली, परत घातली.

"माजी तोंडं मोकळी," ते म्हणाले. "आन दुसऱ्या कुणी लावला सापळा, तर तंगडं मोडीन."

परत आलो तेव्हा मासा गार झाला होता. तात्या ते ताट उचलून बाहेर न्यायला लागले. त्यांना ते डोळ्यांसमोर नको झालं होतं. आक्काताईंनी हात धरला. "टाकायचं न्हाय. अन्न हाय." आणि त्यांनी तो मासा मोडला. चिमूट चिमूट. प्रसाद वाटावा तसा दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत गेल्या. गाबोळीचे दाणे सुद्धा वाटले. "घ्या. आता चूक एकल्या तात्याची न्हाय. सगळ्या गावची."

मी मागं सरकले. हे गावचं होतं. मी भाड्याच्या खोलीतली, पावसाळ्यानंतर असेन की नसेन.

"तू का मागं सरतीयास?" त्यांचा तो आवाज. "हात फुडं कर. गावची चूक हाय, गावच्यानंच खायाची."

मी हात पुढं केला.

गार झालेली गाबोळी, मिरचीची, जरा खारट, दाताखाली कुरकुरणारी. आजवर मी कितीतरी मासे खाल्ले, पण कुणाच्या तरी चुकीत मला असा वाटा मिळाला नव्हता. चुकीत वाटा म्हणजे काय, ते परक्या गावात राहिलेल्याला विचारा. चांगल्यात तर कुणीही बोलावतं.

मॅडमनी मासा घेतला नाही. कोंबडीचा रस्सा घेतला. मालवणची जीभ ती, कोल्हापुरी तिखटाच्या पहिल्याच घोटाला ठसका लागून डोळ्यांतून धारा. तात्या पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाले, "मी म्हणत हुतो, मालवणच्या माणसाला कोंबडं नगं." तेव्हा मात्र मॅडम मोठ्यानं हसल्या आणि मग सगळंच घर हसलं. चिमी शाळेतून आली ती या हसण्यात. दप्तर तसंच खांद्याला, विचारत राहिली, "काय झालं, आई? काय झालं?" मी तिला जवळ ओढून तिच्या धुराचा वास येणाऱ्या गणवेशात तोंड लपवलं.

गौरी जेवायच्या सुमाराला मंजुरी आली. पुढं पिंजरे आले, निळ्या पिंपांवर तरंगणारे, एकमेकांना बांधलेले. माशांची बोटाएवढी पिल्लं आली, ज्यांना इथं बोटुकली म्हणतात, फुगवलेल्या पिशव्यांतून. पिशव्या लगेच सोडायच्या नसतात. आधी तशाच पाण्यावर ठेवायच्या, आतल्या पाण्याला बाहेरच्या पाण्याची सवय होऊ द्यायची, मग तोंड उघडायचं. मी होडीत बसून त्या पिशव्यांवर हात ठेवला होता. आत ती इवलीशी धडपड तळव्याला लागत होती. चिमीचे बाबा दुसऱ्या होडीत होते. आले ते परत गेलेच नाहीत.

आता सकाळी मी पिंजऱ्यांवर जाते. खाणं टाकलं की पाणी उकळायला लागल्यासारखं होतं, आणि मासे खाताना पावसापेक्षा मोठा आवाज करतात. माझी काळजी करायची सवय गेलेली नाही. वारा सुटला की दोर आठवतात, दोर बघून आले की गाठी आठवतात. आक्काताई म्हणतात, "तू काळजी करतीस म्हणून आमी निवांत हाय." तुकातात्या या वयातही चढणीच्या दिवसांत इरलं पांघरून बांधावर उभे असतात. नातवानं गंमत म्हणून नुसता हात पाण्यात घातला तरी ओरडतात. धरणात मासा वाढलाय. हाताला वजन लागतं, असं जुनी माणसं म्हणायला लागली आहेत. आणि श्रावणाआधीचा एखादा मासा जिभेवर यावा म्हणून अजूनही सगळं गाव तळमळतं. तळमळतं आणि थांबतं. मला वाटतं, थांबण्यातसुद्धा एक चव असते. ती लागायला वेळ लागतो, एवढंच.

चिमी माझ्या पुढं गेली. ज्या वर्गात माझी शाळा सुटली तो वर्ग तिनं मागं टाकला त्या दिवशी ती निकाल घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आई, पास की गं." माझ्यासारखं हाव नाही, हो नाही, अस्सल इथलं बोलणं. जी मुलगी वर्गात मुकी वाटायची ती आता एवढी बोलते की आक्काताई म्हणतात, हिला कुणी बोलाय शिकिवलं? मी म्हणते, तुम्हीच.

हे सगळं मी लिहितेय ते आक्काताई वाचणार नाहीत. त्यांना चिमी वाचून दाखवील, आणि मध्येच त्या म्हणतील, "काय बाई लिवलंय, कामं न्हाईत व्हय हिला?" तरी पुढचं त्यांच्यासाठीच आहे.

आक्काताई, माझी आई भंडाऱ्याला अजून जिवंत आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, कान चांगले. फोन केला की तिचा एकच प्रश्न असतो, तिकडं तुझं कोण आहे? मी तुमचं नाव सांगते. ती हं म्हणते, पण तिला ते पटत नाही. एवढ्या दूर, ना नात्याची ना गोत्याची, कोण बाई असं करेल, असं तिला वाटतं. मी तिचं मन राखायला खोटं बोलते असं धरून ती दर रात्री माझ्यासाठी देवाजवळ दिवा लावते.

तर एका हिवाळ्यात, तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले असताना, मी तुम्हाला तिकडं नेणार आहे. पिंजरे दुसरं कुणीतरी बघेल, मला काळजी वाटेल, तरी नेणार. तुम्ही नाही म्हणाल, गुडघे दुखतात म्हणाल, एवढ्या लांब कशाला म्हणाल. ऐकणार नाही. तुमच्या उपकाराची फेड होईल असं मला वाटत नाही, पण एवढं मी करीन. आईच्या समोर तुम्हाला बसवीन, तिचा हात तुमच्या हातात देईन, आणि तुम्ही बोलायला लागाल. तुमचा तो आवाज एकदा तिच्या कानावर पडला, की मग तिला मी काही सांगायची गरज उरणार नाही.